निम्मा उजेड की निम्मी घरं अंधारात? साखरेपुढे प्रत्येक जिवाणू वेगळा का वागतो

सिडकोतल्या एखाद्या फीडरवर रोज संध्याकाळी शंभर अँपिअर भार असतो आणि आज मीटर पन्नास दाखवतोय, असं समजा. सबस्टेशनमध्ये बसलेल्या माणसाला दोन शक्यता दिसतात. सगळ्या घरांतले दिवे मिणमिणते असतील, नाहीतर निम्म्या घरांत लख्ख उजेड असेल आणि निम्मी अंधारात असतील. आकडा दोन्ही वेळा पन्नासच. खरं काय ते कळायला गच्चीवर जाऊन घरं मोजावी लागतात.

जिवाणूंच्या कल्चरचं अगदी असंच आहे. एक मिलीलिटर गढूळ कल्चरमध्ये दहा-वीस कोटी पेशी असतात. त्यात साखर टाकली, तासाभराने ती पचवणारं एन्झाइम मोजलं आणि कमाल मापाच्या निम्मं आलं, की वहीत लिहिलं जातं, ‘जिवाणूंनी निम्मा प्रतिसाद दिला’. हे वाक्य पुष्कळदा साफ चुकीचं असतं. साखर बेताची असेल तर काही पेशी पूर्ण चालू असतात, बाकीच्या पूर्ण बंद, आणि निम्मा प्रतिसाद दिलेली पेशी शोधूनही सापडत नाही. गंमत म्हणजे या सगळ्या पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या, डीएनए सारखाच, एकाच फ्लास्कमधल्या.

पेशीच्या आत मोजायला बसलं तर

ई. कोलाय जिवाणू साधारण दोन मायक्रॉन लांब आणि एक मायक्रॉनपेक्षा थोडा कमी जाड. त्याचं आकारमान सुमारे एक फेम्टोलिटर, म्हणजे एका लिटरचा दहावर पंधरा घातांकाने भागलेला तुकडा. एवढ्याशा जागेत एखाद्या पदार्थाचा एकच रेणू असला तरी त्याची तीव्रता दीड नॅनोमोलरच्या आसपास भरते. परीक्षानळीत आपण लाखो-कोटींच्या हिशेबात बोलतो, तिथे एखाददुसऱ्या रेणूने काही बिघडत नाही. पेशीत मात्र हिशेब बोटांवर मोजण्याइतका येतो, आणि बोटांवरच्या हिशेबात योगायोगाला भाव असतो.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची ई. कोलायची यंत्रणा ‘लॅक ऑपेरॉन’ नावाने बारावीच्या पुस्तकातही भेटते. एकाच बटणावर तीन जनुकं. त्यातली कामाची दोन: पहिलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज बनवतं, ते लॅक्टोज तोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं. दुसरं पर्मिएज बनवतं, हे पेशीच्या आवरणातलं दार, ज्यातून लॅक्टोज आत येतं. बटणावर रिप्रेसर नावाचं प्रथिन बसलेलं असतं. थोडं लॅक्टोज आत आलं की बीटा-गॅलॅक्टोसिडेज त्यातल्या काहीचं अ‍ॅलोलॅक्टोज करतं, ते रिप्रेसरला चिकटतं, रिप्रेसर डीएनएवरून सुटतो आणि जनुकं चालू होतात. जाकोब आणि मोनो यांनी हे चित्र १९६१ मध्ये मांडलं. १९६५ चं नोबेल त्यांना ल्वॉफ यांच्यासह मिळालं.

पुस्तकातलं चित्र बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे आणि ती शिकवताना सुटते. साखर आत आणणारं दार याच बटणावर आहे. दार नाही तर साखर नाही, साखर नाही तर दार नाही. दार जास्त झालं की साखर जास्त, म्हणून दार आणखी जास्त. अशी स्वतःलाच ढकलणारी यंत्रणा मधल्या स्थितीत टिकत नाही. झोक्याला थोडा धक्का दिला तर तो परत येतो, पण उतारावरची हातगाडी एकदा सुटली की तळाशी जाऊनच थांबते.

मग पहिला धक्का कुठून येतो? योगायोगातून. एका पेशीत रिप्रेसरचे चार-चार घटकांचे जेमतेम दहाएक संच असतात. प्रत्येक संचाला जणू दोन हात. एका हाताने तो मुख्य जागा धरतो, दुसऱ्याने त्याच डीएनएवरची जवळची दुसरी जागा, आणि मधल्या डीएनएचा फास तयार होतो. एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, त्यामुळे सुटलेला हात लगेच परत बसतो. तेवढ्यात जनुकाचा एखाददुसरा संदेश (प्रथिन बनवायची नक्कल) निसटतो आणि थोडंसंच प्रथिन बनतं. क्वचित दोन्ही हात एकदम सुटतात. अशा वेळी रिप्रेसरला जागा पुन्हा सापडेपर्यंत मोठा लोंढा निघून जातो. हार्वर्डमधल्या सनी शिए यांच्या गटाने २००८ मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली रेणू-रेणू मोजून दाखवलं: पर्मिएजचे साधारण तीन-चारशे रेणू जमले की पेशी कायमची ‘चालू’कडे झुकते, आणि तिथवर पोचायला एका पूर्ण सुटकेची घटना लागते. बारीकसारीक गळती कितीही झाली तरी पुरत नाही.

विभाजनातही नशिबाचा भाग आहे. बंद पेशीत पर्मिएजचे चार रेणू आहेत आणि तिच्या दोन पेशी झाल्या, तर एकीच्या वाट्याला चारही आणि दुसरीच्या वाट्याला शून्य असं होण्याची शक्यता आठात एक. सख्ख्या बहिणी, पण एकीकडे चार दारं आणि दुसरीकडे एकही नाही. साखर समोर असताना दोघींचं पुढचं आयुष्य वेगळं जाणार हे उघड आहे.

दुधातली साखर सोडून टीएमजी का

प्रयोगात लॅक्टोज वापरलं तर ते खाल्लं जातं, तीव्रता बदलत राहते आणि तुटून निघालेलं ग्लुकोज गुंता वाढवतं. म्हणून थायो-मिथाइल-गॅलॅक्टोसाइड, थोडक्यात टीएमजी, वापरतात. हे दारातून आत येतं, रिप्रेसरला सोडवतं, पण पचत नाही. नोविक आणि वायनर यांनी १९५७ मध्ये कमी तीव्रतेच्या टीएमजीवर दाखवलं की कल्चरमधलं एन्झाइम हळूहळू वाढतं, कारण एकेक पेशी उडी मारते. प्रत्येक पेशीतलं एन्झाइम थोडंथोडं वाढत जातं म्हणून नव्हे. शिवाय टिकवणारी तीव्रता वेगळी आणि चालू करणारी वेगळी: आधीच चालू असलेली पेशी कमी टीएमजीत पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते, बंद पेशी त्याच पाण्यात बंदच राहते. २००४ मध्ये एमआयटीतल्या गटाने चमकणारं हिरवं प्रथिन जोडून हे पेशी-पेशीवर मोजलं. ग्लुकोज नसताना साधारण ३ ते ३० मायक्रोमोलर टीएमजी या पट्ट्यात पेशी आपला इतिहास लक्षात ठेवतात.

इथे एक इशारा द्यायला हवा. टीएमजीवर जे स्वच्छ दिसतं ते खऱ्या लॅक्टोजवर तसंच्या तसं दिसत नाही. लॅक्टोज पचतं, त्यामुळे जास्त एन्झाइम असलेली पेशी आतली साखर लवकर संपवते आणि ढकलणारा जोर कमी होतो. त्यामुळे ‘लॅक्टोजमध्ये जिवाणू दोन गटांत विभागतात’ असं सरसकट लिहिणं चूक.

फ्लो सायटोमीटर नसेल तर

घरं मोजायची गच्ची म्हणजे फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) किंवा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक. नाशिकच्या पदवी महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत यातलं काही असेलच असं नाही. पण रॅक, शंभर नळ्या, साधा कलरीमीटर आणि ३७ अंशांचा इन्क्युबेटर एवढ्यावर काम भागतं. युक्ती अशी: पेशी इतक्या विरळ करायच्या की नळीत गेली तर एकच जाईल. नळी गढूळ झाली की ती त्या एका पेशीची साक्ष.

स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा वाण, के-१२ घराण्यातला, लॅक ऑपेरॉन शाबूत असलेला घ्यावा, एमजी१६५५ उत्तम. फ्रीजमध्ये हमखास सापडणारा डीएच५ अल्फा इथे निरुपयोगी, कारण त्याच्यात हे ऑपेरॉनच मोडलेलं आहे. माध्यम एम९, म्हणजे क्षारांचं साधं द्रावण, त्यात अन्न म्हणून ०.२ टक्के सक्सिनेट. ग्लुकोज अजिबात नको. टीएमजीचा रेणुभार २१०, म्हणजे २१ मिलिग्रॅम १० मिलीलिटर पाण्यात विरघळवून गाळलं की १० मिलिमोलर साठा तयार. त्यातले ९० मायक्रोलिटर ५० मिली माध्यमात टाकले की १८ मायक्रोमोलर.

आधी साखर-मुक्त एम९ सक्सिनेटमध्ये रात्रभर वाढवलेलं कल्चर दोनदा धुऊन घ्या. मग १८ मायक्रोमोलर टीएमजीच्या माध्यमात ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ०.०००२ इतकी घनता (गढूळपणाचं माप) येईल एवढंच टाका. सक्सिनेटवर एक पिढी दीड ते दोन तासांची, त्यामुळे वीस तासांत दहाएक पिढ्या होतात आणि घनता ०.२ च्या घरात येते. तिथेच थांबायचं. घनता त्यापुढे गेली की पेशी उपाशी पडायला लागतात आणि वाढीचा वेग बदलला की पिढीगणिक पेशीतली प्रथिनं विरळ होण्याचा वेगही बदलतो. सगळं गणित त्या विरळ होण्यावरच उभं आहे.

आता कल्चर विरळ करायचं, पण साध्या एम९ मध्ये नाही, तर ७ मायक्रोमोलरच्या आसपास टीएमजी असलेल्या माध्यमात. ही टिकवण्याची तीव्रता. ती प्रत्येक स्ट्रेनला आणि माध्यमाला थोडी वेगळी बसते, म्हणून आधी ३, ५, ७, १०, १५ अशी मालिका लावून बघावी: आधी १ मिलिमोलर टीएमजीत रात्रभर वाढवून धुतलेल्या पेशी जिथे चालू राहतात आणि टीएमजी न पाहिलेल्या पेशी बंद राहतात, ती तीव्रता घ्यावी. ०.२ घनतेला मिलीमागे सुमारे १६ कोटी पेशी धरल्या तर चार वेळा शंभरपट आणि शेवटी पाचपट विरळ केल्यावर मिलीत ०.३ पेशी उरते. शंभर नळ्यांत एकेक मिली वाटा. पॉयसनच्या (योगायोगाने होणाऱ्या वाटणीच्या) हिशेबाने ७४ नळ्या कोऱ्या राहतात, २२ मध्ये एक पेशी जाते आणि चारेक नळ्यांत दोन किंवा जास्त. सव्वीसच्या आसपास नळ्या गढूळ झाल्या तर हात बरोबर पडला. निम्म्या गढूळ झाल्या असतील तर विरळीकरण चुकलं, एका पेशीची साक्ष मिसळली, सगळं परत.

एका पेशीपासून एक कोटी पेशी व्हायला २३ पिढ्या, म्हणजे जवळपास चाळीस तास लागतात. गढूळ नळीतले अर्धा मिली घ्या, अर्धा मिली झेड बफर, क्लोरोफॉर्मचे दोन थेंब, ०.१ टक्के एसडीएसचा एक थेंब, दहा सेकंद जोरात हलवा. मग ४ मिलिग्रॅम प्रति मिली ओएनपीजी ०.२ मिली; हे बीटा-गॅलॅक्टोसिडेजने तुटलं की पिवळा रंग देतं. पिवळा रंग आला की १ मोलर सोडियम कार्बोनेट अर्धा मिली टाकून थांबवा आणि वेळ लिहा. क्लोरोफॉर्म विसरलात तर ओएनपीजी पेशीत शिरायला पर्मिएजवर अवलंबून राहतं. मग एन्झाइम मोजताय की दार मोजताय तेच कळत नाही. ही चूक फार सामान्य आहे.

सगळं जमलं तर नळ्या दोन ढिगांत पडतात: गडद पिवळ्या आणि जवळजवळ पांढऱ्या. मधल्या छटेच्या एखाददोन निघाल्या तर त्या बहुधा दोन पेशींच्या.

परीक्षक इथे एक रास्त प्रश्न विचारेल: गडद नळ्यांत रिप्रेसर बिघडलेले म्युटंट नाहीत कशावरून? म्हणून गडद नळीतल्या पेशी टीएमजी नसलेल्या माध्यमात पुन्हा दहा पिढ्या वाढवा. आठवण असेल तर एन्झाइम दर पिढीला निम्मं होत हजारावा हिस्सा उरेल. म्युटंट असेल तर रंग जसाच्या तसा. ही पायरी नसलेला प्रयोग अर्धवट समजावा.

आयपीटीजी हेही टीएमजीसारखंच रिप्रेसरला सोडवणारं, न पचणारं रसायन; ते स्वस्त आणि हाताशी असतं म्हणून टीएमजीऐवजी ते टाकायचा मोह होतो. ते दाराशिवायही आवरणातून बऱ्यापैकी झिरपतं, त्यामुळे दोन ढीग एकमेकांत मिसळून जातात. क्लोनिंगमध्ये सवयीने टाकतात त्या १ मिलिमोलरला तर सगळ्याच पेशी चालू होतात आणि बघायला काही उरत नाही.

थांबा नसलेला थांबा

ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिलं तर जिवाणू आधी ग्लुकोज संपवतात, मग वाढ थबकते, मग लॅक्टोजवर पुन्हा सुरू होते. दोन टप्प्यांची ही वाढ मोनो यांनी १९४१ च्या प्रबंधात मांडली. ग्लुकोज वाहून नेणाऱ्या यंत्रणेचं एक प्रथिन पर्मिएजला अडवून धरतं, म्हणून ग्लुकोज असेपर्यंत दार असलं तरी बंद. मधला थांबा म्हणजे ‘सगळ्या पेशी नव्या अन्नाची तयारी करतायत’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं.

आता एक हिशेब करा. थांब्याच्या क्षणी सोळातली एकच पेशी नव्या साखरेवर वाढू शकते आणि पंधरा नुसत्या पडून आहेत, असं धरा. एकूण संख्या दुप्पट व्हायला त्या एकीचे सतरा व्हावे लागतील, म्हणजे चार पिढ्यांहून थोडं जास्त. हजारात एक असेल तर दहा पिढ्या. गढूळपणाचा आलेख सगळा वेळ सपाट दिसेल, आणि सपाट रेघेखाली काही पेशी एक मिनिटही न थांबता वाढत असतील. ही नुसती कल्पना नाही. ई. कोलायला ग्लुकोजवरून अ‍ॅसिटेट किंवा फ्युमरेटसारख्या अन्नावर नेलं की नेमकं हेच घडतं, आणि ताकात-चीजमध्ये असणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसला ग्लुकोजवरून सेलोबायोजवर नेल्यावरही. दोन्ही निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

यात फायदा काय? बागलाणातला द्राक्षवाला सगळी बाग एकाच आठवड्यात छाटत नाही. काही प्लॉट अर्ली, काही उशिरा. अवकाळी कधी गाठेल सांगता येत नाही, पण सगळ्या घडांना एकदम गाठणार नाही. थोड्या पेशी गरज नसताना लॅक चालू ठेवतात तेव्हा त्यांच्या वाढीचा वेग काही टक्क्यांनी घटतो, ही त्या अर्ली छाटणीची किंमत. फरक एवढाच की शेतकरी ठरवून करतो, पेशी काही ठरवत नाही. आणि प्रत्येक फरकाला ‘विमा’ म्हणायची घाई नको. काही फरक निव्वळ रेणू कमी असल्यामुळेच पडतात आणि त्यांचा कुणालाच उपयोग नसतो.

प्रथिन बनवणाऱ्यांसाठी अरॅबिनोज

अरॅबिनोज या साखरेवर चालणारा पी-बॅड प्रमोटर (जनुकाचं बटण असलेला डीएनएचा तुकडा) वापरणाऱ्यांना हा विषय थेट भिडतो. पुरेशी अरॅबिनोज (०.२ टक्के) दिली की सगळ्या पेशी चालू. प्रथिन कमी हवं म्हणून शंभरपट कमी दिली, तर प्रत्येक पेशी कमी प्रथिन बनवते असं नाही. कमी पेशी भरपूर बनवतात. कारण तेच, अरॅबिनोजचं दारही अरॅबिनोजनेच उघडतं. १९९७ मध्ये हे दाखवलं गेलं. विषारी प्रथिन ‘हळू’ बनवण्यासाठी डोस कमी करणाऱ्याचा म्हणूनच घात होतो: चालू पेशी मरतात, बंद पेशी फ्लास्क व्यापतात, जेलवर पट्टी नाही. उपाय म्हणजे वाहक प्रथिनाचं जनुक कायम चालू प्रमोटरखाली असलेला आणि अरॅबिनोज खाऊ न शकणारा स्ट्रेन. त्यात डोसप्रमाणे प्रत्येक पेशी खरोखर कमी-जास्त होते.

गोदावरीच्या नमुन्यांपाशी

सिंहस्थ जवळ आला की रामकुंडाच्या पाण्यात कोलिफॉर्म (लॅक्टोज आंबवणारे, पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) किती याची चर्चा वाढते. ती मोजणीही लॅक्टोजवरच चालते: मॅकॉंकी ब्रॉथ, आत उलटी डरहॅम नळी, ३५ ते ३७ अंश, २४ तासांनी एक वाचन आणि ४८ तासांनी दुसरं. आम्ल झालं की रंग पिवळा, वायू झाला की डरहॅम नळीत बुडबुडा. उशिरा पॉझिटिव्ह येणाऱ्या नळ्यांना आता ‘पेशीचं बटण उशिरा लागलं’ म्हणण्याचा मोह होईल. आवरावा. या ब्रॉथमध्ये लॅक्टोज लिटरला १० ग्रॅम, म्हणजे २९ मिलिमोलर. इतक्या साखरेत बटणाला अडखळायला जागाच नाही. उशीर होतो तो बहुतेक क्लोरीनने किंवा उपासमारीने जखमी झालेल्या पेशींमुळे. शिवाय जास्त पेशी गेलेली नळी तिच्यातल्या सर्वांत चपळ पेशीच्या वेगाने पिवळी होते, रेंगाळणाऱ्या झाकल्या जातात. एकच पेशी गेलेल्या, जास्त विरळ नमुन्याच्या नळीत मात्र त्या एकीचा उशीर सगळ्या नळीचा उशीर होतो. पहिल्या दिवशी वाचून रॅक धुवायला टाकला की नेमक्या याच नळ्या हातच्या जातात.

काही जिवाणूंना बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं पण पर्मिएज धड नसतं. ते लॅक्टोज दोन दिवसांतही आंबवत नाहीत आणि ‘निगेटिव्ह’ म्हणून नोंदले जातात. अशी शंका आली तर लॅक्टोज असलेल्या माध्यमावरची वाढ घेऊन ओएनपीजी चाचणी लावावी. ओएनपीजी पिवळं आणि डरहॅम नळी रिकामी, अशी जोडी दिसली की एन्झाइमवर नव्हे, दारावर संशय घ्यावा.